पेटीखालचा ऐनाचा दांडा

किन्हवलीहून मुरबाडकडे जाताना डाव्या हाताला एक पत्र्याची शेड लागते. पूर्वी तिथे भाताची गिरणी होती. गिरणी बंद पडल्यावर काही वर्षं नुसती कोंड्याची धूळ राहिली. मग कल्याणचा एक शिकलेला माणूस आला, त्याने ती शेड भाड्याने घेतली आणि भातातलं गवत काढणारी यंत्रं बनवायला लागला. रोबोट. गावात सगळे रोबोटच म्हणायचे, मी यंत्र म्हणतो. चार चाकं, चिखलात रुतू नयेत म्हणून चाकांना लोखंडी पाती, पाठीवर बॅटरी आणि पुढे दोन डोळे. माणसाने बांधावर उभं राहायचं, ते आपलं आपण ओळीतून चालायचं. भाताचं रोप कोणतं आणि गवत कोणतं हे त्याला बरोबर कळायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हणालो, आमच्या गावातल्या निम्म्या पोरांना हे कळत नाही.

आमच्याकडे ते कोणी घेतलं नाही. आमची खाचरं उतरंडीची, एकाखाली एक, चटईएवढी. यंत्र वळेपर्यंत बांध संपतो. साहेबांनी दोन पावसाळे शहापूर-मुरबाडच्या गावांतून ते फिरवून दाखवलं. लोक चहा पाजायचे, फोटो काढून घ्यायचे आणि पुन्हा हातात विळा घेऊन वाकायचे. मग साहेबांनी परदेशातलं गिऱ्हाईक शोधलं. तिकडेही भातच पिकतं, पण खाचरं सपाट आणि लांबच लांब. त्या देशाचं नाव मला नीट म्हणता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

मी तिथे पेट्या बनवायला होतो. चौथीपर्यंत शाळा झाली माझी, पण हाताखालून शंभरावर नांगर गेलेत. जातीचा सुतार नव्हे मी. शेती करता करता शिकलो, आणि पंचक्रोशीत नांगराचं जू बसवायचं तर लोक मलाच बोलवायचे. बैल गेले, नांगर गेले, तसं ते बोलावणं पण गेलं. शेडमध्ये मला घेतलं ते माझ्या मुलीमुळे.

तिने आयटीआय केलं होतं, वायरिंगचं. साहेबांनी पहिली माणसं ठेवली त्यांत ती होती. यंत्राच्या पोटातल्या सगळ्या तारा तिच्या हातच्या. दोघे मुलगे कधीच बाहेर पडले होते, एक डोंबिवलीला, एक वापीला. तिची आई वारून सहा वर्षं झाली. घरात मी आणि ती. सकाळी भाकरी बांधून आम्ही दोघं एकाच टमटमने जायचो आणि संध्याकाळी एकाच टमटमने परत यायचो. लोक तिच्या लग्नाचं विचारायचे. मी म्हणायचो, ती बघेल. खरं सांगायचं तर मला ती जायला नको होती, आणि शेड चालू आहे तोवर तिला जायची गरज नव्हती. एवढाच माझा हिशेब होता.

साहेबांनी आधी नमुन्याचं एक यंत्र पाठवलं. त्याची पेटी मी सांगितल्याबरहुकूम केली. भिवंडीकडच्या एका वखारीतून पाइनच्या फळ्या यायच्या, पांढऱ्या, हलक्या, नखाने खरवडल्या तरी ओरखडा पडेल अशा. त्यांचीच पेटी आणि त्यांचेच खालचे तीन दांडे, ज्यांच्यावर पेटी उभी राहते आणि उचलायच्या गाडीचे सुळे ज्यांच्यामधून आत जातात. मी तेव्हाच म्हणालो होतो की हे लाकूड फळांच्या खोक्याचं आहे. झालं तसंच. तिकडे उतरवताना मधला दांडा चिरला, पेटी कलली आणि यंत्राचं एक चाक वाकलं. गिऱ्हाइकाने समजून घेतलं. म्हणाले, यंत्र चांगलं आहे, पेटी वाईट आहे. चार यंत्रं पाठवा, लावणीच्या आधी पोचवा, एक हंगाम चालवून बघतो, चालली तर चाळीस घेऊ.

पेटी वाईट आहे. हे साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण मी सगळ्यांमध्ये उभा होतो.

चाळीस यंत्रांचं ऐकून शेडमधली माणसं वेगळीच झाली. आम्ही अकरा जण होतो. मुलीला साहेब म्हणाले, यंत्रं पोचली की तुला तिकडे पंधरा दिवस पाठवतो, सुरू करून द्यायला आणि त्यांना शिकवायला. तिने पासपोर्ट काढला. पोलीस चौकशीला घरी आले तेव्हा आळीतल्या बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"काय गो, काय केलंस?" शेजारणीने विचारलं.

"इमान चोरलं काकी," ती म्हणाली.

"मग आमाला पण फिरव एकदा."

त्या दिवशी ती किती हसली. मला तिची आई आठवली.

चार पेट्यांचं काम सुरू करायच्या आधी साहेबांनी मला बोलावलं. समोर एक फळी ठेवली. तिच्यावर एक काळा शिक्का जाळून उठवला होता. शिक्क्यात गव्हाची ओंबी होती आणि बाजूला इंग्रजी अक्षरं.

"मिस्त्री काका, हा शिक्का नीट बघा. हे लाकूड भट्टीत शेकलंय. आतली कीड मेलीय असा त्याचा अर्थ. जगात कुठेही माल पाठवायचा तर पेटीचं लाकूड शेकलेलं पाहिजे आणि त्यावर हा शिक्का पाहिजे. एक काडीसुद्धा दुसरी चालत नाही."

"कीड आमच्या लाकडाला लागतच नाय साहेब. तोडायची वेळ असते."

"काका, वेळबिळ त्यांना नाही कळत. त्यांना शिक्का कळतो."

"शिक्क्याने दांडा मोडायचा थांबला नाय पण."

साहेब हसले. म्हणाले, या वेळी दांडे दुहेरी करा, दोन फळ्या जोडून. मी मान हलवली. मुलगी बाजूला तारा सोलत बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घरी येताना टमटममध्ये म्हणाली, "बाबा, आपली अक्कल नका चालवू हां त्यात." मी म्हणालो, "अक्कल नको तर मिस्त्री कशाला ठेवलाय? पोरीच्या बापाला पगार द्यायचा म्हणून?" तिने मांडीवरचा डबा पिशवीत कोंबला.

आता तोडायच्या वेळेचं सांगतो. आमच्याकडे घराचं, नांगराचं, कशाचंही लाकूड उजेडाच्या पंधरवड्यात तोडत नाहीत. पुनवेकडे जाताना झाडात पाणी चढतं, त्या पाण्याला गोडवा असतो आणि त्या गोडव्याला कीड येते. वद्य पक्षात, अवसेच्या बाजूला तोडलं की लाकूड कोरडं असतं, कीड तोंड लावत नाही. हे माझ्या बापाने मला सांगितलं, त्याला त्याच्या बापाने. आमच्या घराचे वासे त्याच हिशेबाने तोडलेले आहेत आणि त्यांच्यावर अजून कौलं उभी आहेत. आमच्या बांधावर एक ऐन होता, जुनं, वाळलेलं झाड. दोन वर्षांपूर्वी मी तो मार्गशीर्षाच्या अंधाऱ्या पंधरवड्यात तोडला होता. त्याचे ओंडके गोठ्याच्या माळ्यावर पडले होते. बैल नव्हते म्हणून गोठ्यात लाकूडच.

ऐनाचं लाकूड ज्याने हातात घेतलंय त्याला सांगायला नको. खिळा आत जाताना कुरकुरतो, करवत तापते. दोन टन वजन ठेवा त्याच्यावर, ते चिरणार नाही.

मी एक ओंडका शेडमध्ये नेला. त्या दिवशी साहेब मुंबईला गेले होते आणि मुलगी बॅटऱ्यांच्या वेगळ्या पेट्यांना लाल कागद चिकटवायच्या कामात होती. बॅटरी यंत्रासोबत जात नाही, आगीची भीती म्हणून वेगळी जाते. मी मागच्या पडवीत बसलो आणि वाकसाने चार दांडे तासले. रंधा मारला नाही, दांड्याला रंध्याची गरज नसते. तासताना ओंडक्याच्या एका टोकाला पिवळट भुसा दिसला. बारीक, पिठासारखा. लाकडातून आपोआप गळतो तसा. दोन भोकं पण होती, बाजरीच्या दाण्याएवढी. मी बोटाने भोक पुसलं आणि भुसा फुंकून टाकला. म्हटलं, हे वरवरचं आहे. अवसेचं लाकूड आहे. आमच्या घराच्या वाशातूनही असा भुसा गळतो आणि घर उभं आहे.

हे मी लिहितोय ते मागाहून विचार करून लिहीत नाही. तेव्हा माझ्या मनात खरंच हे आलं, ह्याच शब्दांत.

प्रत्येक पेटीला तीन दांडे. दोन कडेचे पाइनचे, दुहेरी, साहेबांनी सांगितले तसे. मधला ऐनाचा. आणि तो दिसू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना आणि टोकाला मी पाइनच्या पातळ पट्ट्या ठोकल्या, शिक्का असलेल्या. वर पेटीचं बूड आलं. बाहेरून चारही पेट्या एकसारख्या दिसत होत्या. मी साहेबांना सांगितलं नाही. त्यांना सांगितलं असतं तर ते नको म्हणाले असते, आणि पेटी मोडली असती, आणि पुन्हा सगळ्यांसमोर वाचून दाखवलं असतं की पेटी वाईट आहे.

शिमग्याच्या आधी माल निघाला. मोठा कंटेनर आमच्या वळणावर येत नाही, म्हणून पेट्या टेम्पोने शहापूरला हायवेवर नेल्या आणि तिथे चढवल्या. मुलीने नारळ फोडला. साहेबांनी पाणी शिंपडलं. उचलायच्या गाडीचे सुळे माझ्या दांड्यांमधून गेले आणि पेटी वर उठली. जरासुद्धा कुरकुरली नाही. साहेब म्हणाले, "वा काका, या वेळी पक्की झालीय." मी म्हणालो, "तुमच्या शिक्क्याची कृपा." मला गंमत वाटली होती तेव्हा.

पाडवा होऊन गेला होता. मी दुपारची भाकरी खाऊन शेडच्या सावलीला बसलो होतो. साहेब फोनवर बोलत बाहेर आले आणि बोलता बोलता थांबले. मग त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं. तिकडच्या बंदरावरच्या एजंटने फोटो पाठवले होते, तपासणीवाल्यांनी माल अडवला होता. साहेबांनी मोबाइल मुलीच्या हातात दिला, कारण इंग्रजी तिलाही येतं. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं.

पाइनची पट्टी उपटलेली होती. खाली काळपट ऐन, त्यावर वाकसाचे घाव. आणि रबरी हातमोजा घातलेल्या बोटावर एक पांढरी अळी, भाताच्या दाण्यापेक्षा मोठी, जिवंत.

"भट्टीवाल्याने फसवलं," साहेब म्हणाले. "न शेकलेलं लाकूड आत घातलं त्याने. मी आत्ता त्याला फोन लावतो."

मुलीने दोन बोटांनी फोटो मोठा केला. वाकसाचे घाव मोठे झाले. आमच्या घराच्या दाराच्या चौकटीवर तेच घाव आहेत, चौकट मीच केली. ती लहान असताना त्यांत बोट घालून उभी राहायची. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. फोटो पुन्हा लहान केला आणि मोबाइल साहेबांना दिला.

साहेब नंबर शोधत होते. मी म्हणालो, "भट्टीवाल्याला कशाला बोलता? ते लाकूड माझं हाये."

"तुमचं म्हणजे?"

"माझ्या बांधावरचा ऐन. मधला दांडा. चारही पेट्यांना मीच घातला."

सगळे माझ्याकडे बघत होते. साहेबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"काका, सांगितलं होतं ना तुम्हाला."

"सांगितलं होतं. पयली पेटी तुमच्या शिक्क्याच्या लाकडाने मोडली. ही मोडली का? इचारा त्यांना. मोडली का?"

साहेब एका फळ्यांच्या ढिगावर बसले. म्हणाले, "काका, मोडली असती तर बरं झालं असतं. मोडलेलं चाक आपण बदलून पाठवलं असतं."

मी वाकस उचलला आणि पडवीत जाऊन बसलो. रुसून बसलो असं कोणाला वाटलं असेल. मी रुसलो नव्हतो. मला कुठे जायचं ते कळत नव्हतं.

घरी जाताना टमटममध्ये आम्ही दोघंच होतो आणि पुढे ड्रायव्हर. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "तासताना भुसा नाय दिसला तुमाला?"

"नाय."

"जरा पण नाय?"

"अवसेचं लाकूड हाये गो. भुसा कुठून येईल?"

तिने मान बाहेर वळवली. हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं नसेल, पण तिच्याशी बोललेलं पहिलं होतं.

पुढचे बरेच दिवस साहेब फोनवरच होते. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. साहेबांचं म्हणणं होतं की पेट्या तिथेच जाळा, यंत्रं ठेवून घ्या, यंत्र तर लोखंडाचं आहे. एजंट म्हणाला, नुसतं चुकून आलेलं लाकूड असतं तर त्यांनी जाळून मोकळं केलं असतं. पण वर शिक्क्याची पट्टी ठोकलेली, म्हणजे मुद्दाम लपवलं. लपवणाऱ्याचं पुढचं काहीही ते खरं धरत नाहीत. मग ते यंत्रं उघडणार, तपासणार, कागद मागणार. त्यात दिवस जाणार. आणि तिकडची लावणी आमच्याआधी येते. गवत काढायचं यंत्र गवत उगवायच्या आत पोचलं नाही तर काय उपयोग? गिऱ्हाइकाने दोन आठवडे वाट पाहिली आणि मग चार ओळींचं पत्र पाठवलं. या हंगामाला उशीर झाला. पुढचं आम्ही दुसरीकडे बघू. राग नाही, काही नाही. पेट्यांबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

माल धुरी देऊन परत पाठवला त्यांनी. चार पेट्या एवढा समुद्र ओलांडून गेल्या, धक्क्यावर पडून राहिल्या आणि पुन्हा एवढाच समुद्र ओलांडून आल्या. श्रावणात शेडसमोर टेम्पो उभा राहिला तेव्हा आमच्यातली सहा माणसं उरली होती. बाकीच्यांनी दुसरीकडे कामं धरली होती. मी रोज जात होतो. काम नव्हतं, पगारही साहेबांनी बंद केला नव्हता, पण मी घेत नव्हतो. ते लिफाफा ठेवायचे, मी तो मुलीच्या डब्याजवळ सरकवायचो.

पेट्या मीच उघडल्या. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. खिळे ओढले, झाकण काढलं, बाजूच्या फळ्या पाडल्या. यंत्रं जशी ठेवली होती तशीच होती. एक ओरखडा नाही. पेटी कुठे चिरली नाही, कलली नाही, दोन वेळा बोटीवर चढली आणि दोन वेळा उतरली. मी दांड्यावर पाय देऊन उभा राहिलो, उड्या मारून पाहिल्या. साठीच्या पुढचा माणूस, उड्या मारत होतो. मुलगी यंत्राच्या तारा तपासत होती. मला वाटलं, ती आता तरी म्हणेल, लाकूड चांगलं होतं.

मग मी तिसऱ्या पेटीचा मधला दांडा उलटा केला आणि त्याच्या टोकातून भुसा पडला. पसाभर. त्यात मेलेल्या अळ्या होत्या, वाळून कडक झालेल्या. आतून दांडा हाताच्या पंजाएवढा पोखरलेला होता. बाहेरून तो अजून ऐनच होता, आतून पोळं. आणखी एक पावसाळा गेला असता तर त्याने यंत्र पेललं नसतं.

बाप चुकला होता का, की मी पंधरवडा मोजायला चुकलो होतो, की वाळलेल्या झाडाला हे लागूच नसतं, मला अजून कळत नाही. विचारायला कोणी उरलेलं नाही. माझ्याएवढे म्हातारे गावात आहेत, पण ते मला म्हणतात, बंदरावरच लागली असेल कीड, आपल्या लाकडाला कुठे लागते. मी पण आधी तसंच म्हणालो असतो.

मुलगी येऊन बाजूला उभी राहिली. भुशाकडे बघत होती.

"तेव्हा पण होता," मी म्हणालो. "थोडासा. मी फुंकला."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. परत यंत्राकडे गेली आणि स्क्रू काढायला लागली. मला वाटलं होतं ती ओरडेल. लहानपणापासून ती ओरडायची, माझ्यावर गेली होती त्यात. त्या दिवसानंतर ती मला काही विचारत नाही. बोलते, जेवण वाढते, औषध घेतलं का म्हणते, पण पूर्वी विचारायची तसं, बाबा हे कसं करू, बाबा हे बरोबर आहे का, ते नाही. मी सांगायला गेलो तर नुसतं ऐकून घेते.

साहेबांनी गणपती होईपर्यंत शेड चालवली. चार यंत्रं इकडे खपतात का पाहिलं. एक भातसानगरकडच्या एका शाळेला दिलं, मुलांना दाखवायला. ते तिथे व्हरांड्यात उभं आहे असं म्हणतात. बाकीच्या तिन्हींचे सुटे भाग केले. शेवटच्या दिवशी साहेब मला म्हणाले, "काका, तुमच्यामुळे झालं असं नका धरू. धंदा तसाही अवघड होता." मी म्हणालो, "माझ्यामुळेच झालं. तुमी उगाच खोटं बोलू नका." मग त्यांनी मला वाकून नमस्कार केला. कशाला केला, मला अजून कळलेलं नाही. मला तो नको होता.

मुलीला चाकणला काम लागलं. गाड्यांच्या तारांच्या जुड्या बांधायचं. इथे ती एका यंत्राच्या सगळ्या तारा जोडायची, तिथे तिच्यासमोर एक पट्टा सरकतो आणि ती दिवसभर तीन तारा जोडते, तेवढ्याच तीन. चार मुलींच्या खोलीत राहते. पासपोर्ट तिने नेला नाही, कपाटात आहे.

दिवाळीला दोन दिवस आली होती. मी तिला म्हटलं, "इथेच काहीतरी बघ ना."

"इथे काय हाये ते तुमी सांगा."

मी सांगायला लागलो. मुरबाडच्या एमआयडीसीत विचारतो म्हणालो. ती म्हणाली, तीनदा अर्ज दिलाय. शहापूरला मोबाइलच्या दुकानात पोरी लागतात म्हणालो. ती हसली, पण पूर्वीसारखं नाही. मग मी म्हणालो, लग्नाचं बघू का. हे मी कधी म्हणालो नव्हतो. ती म्हणाली, "बघा." मला वाटलं होतं ती नको म्हणेल.

दुसऱ्या दिवशी तिची गाडी होती. मी तिच्या पिशवीत तांदूळ भरून ठेवला होता, आमच्याच शेताचा, पाच शेर, जुना झाल्याशिवाय मी काढत नाही तो. ती तयार झाली, पिशवी उचलली, तिला वजन लागलं. उघडून पाहिलं. तांदळाची पुरचुंडी बाहेर काढून तिने ओट्यावर ठेवली.

"तिकडे खानावळ हाये बाबा. खोलीत शिजवू देत नाय."

"मग मैत्रिणींना दे."

"त्यांना पण नाय शिजवता येत."

मी तिला किन्हवलीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेलो. पिशवी मी धरली होती. वाटेत ती फोनवर कोणाशी तरी हिंदीत बोलत होती, कामाची पाळी बदलून द्या म्हणत होती. गाडी आली, तिने पिशवी घेतली, म्हणाली, "येते." कधी ते ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.

घरी येऊन मी भात लावला. ओट्यावर तोच तांदूळ होता, मग तोच शिजवला.